सोळा हजार फूट, बोरमाळ मार्गे

मला चाळीस पूर्ण व्हायला सहा महिने राहिले होते, आणि पुण्याच्या त्या गिर्यारोहण संस्थेच्या पत्रकात स्वच्छ लिहिलं होतं, 'वय चाळीसच्या आत.' म्हणजे जायचं तर येत्या जूनमध्ये, नाहीतर पुढच्या जन्मी. आणि पुढच्या जन्माची सोय आमच्या वडिलांनी छप्पन सालीच दीक्षा घेऊन बंद करून टाकलेली. तेव्हा मी अर्ज भरला.

पत्रक मी इतक्या वेळा वाचलं की त्याची घडी फाटली. हिमालयातल्या सोळा हजार फुटांवरच्या दोन खिंडी, मधे अकरा दिवसांची चाल, प्रत्येकाने स्वतःचं वीस किलो ओझं स्वतःच्या पाठीवर वाहायचं, आणि सबंध मार्गावर 'रूढ पायवाट नाही'. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. ज्या माणसाने सतरा वर्षं सरकारी नोकरीत 'योग्य मार्गाने सादर' असं लिहून अर्ज पाठवले आहेत, त्यालाच ह्या वाक्याची गोडी कळेल. ऑफिस कोणतं ते सांगत नाही, कारण पेन्शन अजून चालू आहे. टंचाई शाखेत होतो एवढं सांगितलं तरी पुरे.

साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललेलं. आमच्या शिक्क्यावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव ब्लेडने खरवडलेलं होतं आणि नवं नाव त्या जागेत बसत नव्हतं, त्यामुळे शिक्का मारल्यावर पुढे पेनाने 'लातूर' लिहावं लागे. नव्या जिल्ह्याला सगळं नवं मिळालं, पाऊस तेवढा जुनाच होता, म्हणजे नव्हताच. आमची आनंदनगर कॉलनी उदगीरच्या हद्दीपासून दोनशे पावलांवर बाहेर. घरं नऊ, हापसा एक. तोही फेब्रुवारीपासून नुसता कण्हायचा.

हिमालयाची बातमी मी फक्त पंचशीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितली होती. संध्याकाळपर्यंत शेजारचे गुरुपादप्पा ओट्यावर येऊन बसले. मोंढ्यातल्या भुसार दुकानातून निवृत्त झाल्यापासून ते कॉलनीला सल्ला पुरवण्याचं काम करीत.

"काय देविदासराव, हिमालयात जाऊन राहिलाव म्हणं?"

"हो. दोन खिंडी ओलांडायच्या आहेत."

"वाट कशी हाय?"

"वाट नाही."

गुरुपादप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वाट न्हाई, मग वापस कसं येणार?"

ह्या प्रश्नाचं उत्तर पत्रकातही नव्हतं. नंतर आठ दिवस कॉलनीभर सल्ल्यांची सुगी चालली. आमचे जंगमस्वामी खडावा घालून केदारला गेले होते, तेव्हा बुटांची गरज नाही. घोंगडं न्या, बर्फाला घोंगडंच कळतं. लसूण खा. लसूण अजिबात खाऊ नका, उंचीवर डोक्यात चढतो. जे किल्ल्याचा बुरूजही दम खात चढले होते, ते मला बर्फावर पाय कसा टाकायचा हे अंगणात करून दाखवू लागले.

सरावाचं मात्र सगळ्यांनाच पटलं. वीस किलोचं ओझं घेऊन रोज चढण चढायची. मी टेलरकडून ताडपत्रीची पाठपिशवी शिवून घेतली, हंटर बूट आणले आणि पिशवीत दगड भरू लागलो. पंचशीला दारात उभी राहून बघत होती. तिच्या कमरेवर रिकामी घागर होती. व्यंकटीच्या विहिरीवरून पाणी आणायला ती निघाली होती, सडकेने जाऊन येऊन चार मैल.

"अहो, वीस लिटर पाणी किती किलो भरतं?"

"वीस."

"मग दगड कशाला? त्या दगडांची आमटी करायची हाय का?"

एवढं बोलून तिने कोपऱ्यातला प्लास्टिकचा कॅन माझ्यापुढे ठेवला. शास्त्रशुद्ध बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

आमच्या कॉलनीच्या मागे बोरमाळ आहे. माळ नावालाच, खरं म्हणजे सागरगोटे सांडावेत तसे दगड, बोरीची आणि हिंगणबेटाची झुडपं, आणि डोंगराच्या पाठीला दोन खाचा. माळापलीकडे व्यंकटीचं शेत आणि त्याची विहीर. तालुक्यातल्या विहिरींनी तळ दाखवला तरी ही पिण्यापुरतं पाणी देत होती, आणि व्यंकटीही "घ्या, पण पंप लावू नगा" एवढंच म्हणायचा. सडक माळाला मोठा वळसा घालून जाते. सरळ माळ ओलांडला तर अंतर पाऊणपट कमी, पण वाट नाही. शेळ्यासुद्धा तिकडून जात नसत. मी पत्रक काढून पाहिलं. दोन खिंडी, मधे रूढ पायवाट नाही. सोळा हजार फुटांची थोडी उणीव होती, बाकी सगळं तंतोतंत जुळत होतं.

पहिल्या दिवशी पहिल्या खिंडीतच माझी पँट बोरीने ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी कॅनचं झाकण सैल राहिलं आणि घरी पोचलो तेव्हा पाणी अर्धं कॅनमध्ये, अर्धं माझ्या बुटांत होतं. पंधराव्या दिवशी मात्र मी न थांबता दोन्ही खिंडी पार केल्या आणि सव्वा तासात वीस लिटर पाणी माठात ओतलं. छाती भरून आली. पंचशीलाने माठात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अजून एक चक्कर झाली तर कपडे निघतील."

मी दुसरी चक्कर मारली. सरावच तो. तिथून तिसऱ्या दिवशी गुरुपादप्पांच्या घरून तांब्या आला, नुसता देवापुरता. त्यानंतर देवाची तहान वाढत गेली आणि घागर आली. महिन्याभरात माझ्या सकाळी दोन आणि संध्याकाळी एक अशा तीन फेऱ्या ठरल्या, आणि नऊ घरांत कुणाला कोणत्या दिवशी किती पाणी ह्याचं वेळापत्रक गुरुपादप्पांनी सुवाच्य अक्षरात लिहून माझ्याच दारावर चिकटवलं. आपणही एखादा कॅन उचलावा असं कॉलनीतल्या एकाही पुरुषाला वाटलं नाही. ते मला खालून मार्गदर्शन करीत.

इथे गुरुपादप्पांच्या मंडळींची, पार्वतम्मांची, एक गोष्ट सांगायला हवी. बाई प्रेमळ. आमच्या घरी पापड लाटायला यायच्या, पंचशीलाच्या तापात रात्रभर बसल्या होत्या. पण चहा विचारला की उत्तर ठरलेलं, "आत्ताच घेतला." सकाळी आत्ताच, दुपारी आत्ताच, एकदा तर उपवास सोडायच्या आधीही आत्ताच. चार वर्षं शेजार, पण आमच्या घरच्या पाण्याचा थेंब त्यांच्या ओठाला लागला नव्हता, आणि ते का, हे त्या आणि आम्ही दोघंही जाणून होतो. कुणी बोलत नव्हतं, एवढंच. पहिल्यांदा वाईट वाटायचं. मग राग यायचा. मग पंचशीलाने चहा विचारणं सोडून दिलं, मी मात्र खोडीने विचारत राहिलो. आता माझ्या पाठीवरचं पाणी त्यांच्या घरात जात होतं. ते त्या पदरातून दोनदा गाळून घेत, आणि गाळताना माझ्याकडे बघत नसत. पण घेत.

इकडे रजेचा अर्ज अडकला होता. आमचे हेडक्लार्क शेषेराव. भला माणूस, पण कोणताही रकाना मोकळा दिसला की त्यांच्या पोटात दुखायचं.

"मुक्कामाचं ठिकाण. गाव, तालुका, जिल्हा लिवा."

"खिंड आहे साहेब. तिथे गाव नाही."

"तालुका तरी असंल."

"मला माहीत नाही."

शेषेरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "देविदासराव, तालुका न्हाई, तलाठी न्हाई. उद्या तिथं तुमचं काही बरंवाईट झालं तर पंचनामा कोण करणार? आणि पंचनाम्याबिगर तुम्ही मेलाव हे आम्ही मानायचं कसं? तुमची रजा खामखा चालूच राहील की."

तो रकाना आम्ही 'हिमालय (उत्तर बाजू)' असं लिहून भरला. मग वैद्यकीय प्रमाणपत्र झालं. मग शेषेराव म्हणाले की डॉक्टर काहीही लिहितो, नवा साहेब कडक आहे, वीस किलो पेलता येतं ह्याला आधार जोडा. तेव्हा मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर वाक्य लिहिलं: 'अर्जदार हा मागील दोन महिन्यांपासून दररोज साठ लिटर पिण्याचे पाणी, कोणत्याही रस्त्याचा वापर न करता, बोरमाळ ओलांडून आनंदनगर येथील नऊ कुटुंबांस नियमितपणे पुरवीत आहे.' तीन प्रती काढल्या. एक साहेबांकडे. एक माझ्या वैयक्तिक नस्तीत, म्हणजे फायलीत.

आणि तिसरी. आमच्या शाखेत नियम होता की पाण्याचा आणि गावाचा उल्लेख असलेला कागद त्या गावाच्या टँकरच्या नस्तीला जोडायचा. हा नियम मीच केला होता आणि त्याबद्दल माझं एकदा कौतुकही झालं होतं. आनंदनगरच्या टँकरची मागणी मार्चपासून पडून होती. मी सवयीने सुतळी सोडली, कागद लावला, पृष्ठ क्रमांक घातला आणि सुतळी घट्ट बांधली.

आठ दिवसांनी साहेबांच्या खोलीतून मसुदे आले. मी टाइप करताना मजकूर वाचत नाही. चांगला टंकलेखक वाचत नसतो. टाइप करून सहीला पाठवलं, जावक क्रमांक घातला, शिक्का मारून पुढे 'लातूर' लिहिलं, आणि लिफाफ्यावर पत्ता घालताना पाहतो तर आनंदनगर. तेव्हा कागद उलगडून वाचला.

'१) आनंदनगर येथे श्री. दे. सोनकांबळे हा पाण्याचा स्रोत उपलब्ध असल्याने टँकरची मागणी नामंजूर करण्यात येत आहे. २) सदर स्रोताची रजा पाऊस पडेपर्यंत मंजूर करता येणार नाही.'

त्या दिवशी मी घरी जरा लांबच्या रस्त्याने गेलो.

कॉलनीत पत्र दोनदा वाचून झालं. टँकर एक दिवसाआड आला असता. वापरायला, जनावरांना, आंघोळीला पाणी मिळालं असतं. मी आणत होतो ते नऊ घरांना जेमतेम प्यायला पुरायचं. शेवटी पार्वतम्मा म्हणाल्या, "अय्यो देवरे, आपल्याच हातानं लिवून दिलं?" मी मान हलवली. पंचशीलाने मात्र विचारलं, "टाइप तरी नीट केलाव का?" आणि आत निघून गेली. ती रागावली की मुद्द्याचंच बोलते.

दुसऱ्या दिवशी शेषेरावांनी मला बाजूला घेतलं. एवढा हळवा झालेला शेषेराव मी पाहिला नव्हता. "तुमची रजा होऊ शकती. बदली इसम दाखवा. अमुक माणूस तुमच्या जागी पाणी वाहील असं लिवून द्या, कुणाचंबी नाव टाका. कागदावर स्रोत चालू राहिला म्हणजे झालं." त्यांनी फॉर्मही दिला. फक्त नाव आणि अंगठा बाकी होता.

त्याच दिवशी टपालाने पुण्याचं पत्र आलं. माझी निवड पक्की झाली होती. पाच जूनला हजर व्हायचं, वैद्यकीय प्रमाणपत्राची मूळ प्रत सोबत. खोटं कशाला सांगू, मी ते पत्र संडासात नेऊन वाचलं, कारण तिथे माझा चेहरा कुणाला दिसत नव्हता.

गुरुपादप्पांनी दुसरा उपाय काढला. ओट्यावर सभा भरली. "स्रोत हाय म्हणून टँकर न्हाई. बराबर? मग स्रोत आटला पायजे. सर्कलसाहेब येऊन बघू द्या. माळावर देविदासरावाला चालवत न्हाई असा पंचनामा झाला की टँकर चालू. विहीर आटती, माणूस आटला तर काय बिघडलं?"

"पण मग माझं प्रमाणपत्र?" मी म्हणालो. "एका कागदावर मी आटलो, आणि दुसऱ्या कागदावर हिमालय चढतो?"

सभेने ह्यावर विचार केला. विचार करताना सगळे रिकाम्या घागरींकडे बघत होते.

पंचशीला रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "तुम्ही ठरवा. गेलात तरी मी सडकेनं आणीन. आधी आणतच होते." तिने हे रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी महसुलाचे सर्कलसाहेब आले. अंगाने भरदार, कडक इस्त्रीचा सफारी, बगलेत पंचनाम्याचं पॅड. त्यांनी कायद्यावर बोट ठेवलं, स्रोताची पाहणी स्रोताच्या ठिकाणी व्हावी, म्हणून पंचांसह माळ चढायचा. पंच म्हणजे गुरुपादप्पा आणि आणखी एक शेजारी. ते दोघं पन्नास पावलांवर एका दगडावर बसले आणि "आम्हाला इथून दिसतंय" म्हणाले. सर्कलसाहेब मात्र कर्तव्यापोटी धापा टाकत माझ्या मागे आले.

माझ्या शर्टाच्या खिशात बदली इसमाचा फॉर्म होता आणि त्यावर मी सकाळीच पेन्सिलने पंचशीलाचं नाव लिहिलं होतं. पाठीवर भरलेला कॅन. विहिरीकडून येताना मी दुसरी खिंड ओलांडली तेव्हा मला कळलं की मला धापसुद्धा लागलेली नाही. पाय आपले आपण दगड निवडत होते. एवढं चांगलं मी कधीच चाललो नव्हतो. सोळा हजार फूट मला जमले असते, ह्याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही.

पहिल्या खिंडीत आलो तेव्हा खाली कॉलनी दिसली. हापशापाशी बायका घागरी घेऊन ओळीने उभ्या होत्या आणि माळाकडे बघत होत्या. पंचशीला ओळीत होती. तिनेच तेवढी पाठ केली होती.

मी खाली बसलो. मग बसणं पुरेसं वाटेना म्हणून आडवा झालो. "साहेब," मी म्हणालो, "उठवेना."

"खरंच उठवंना?"

"नाही."

"कोशिश करा बरं एकदा."

मी कोशिश केली आणि पुन्हा पडलो. सर्कलसाहेबांनी दगडावर पॅड ठेवून लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: 'सदर स्रोत पहिल्या खिंडीत समक्ष आटलेला आढळून आला. पुनर्भरणाची शक्यता दिसत नाही.' सतरा वर्षं मी अशी वाक्यं विहिरींबद्दल टाइप केली होती. तेव्हा विहिरींना काय वाटत असेल हा विचार कधी शिवला नव्हता. मी सही केली. खिशातला फॉर्म काढून बोरीच्या काट्याला टोचून ठेवला.

सर्कलसाहेबांनी पॅड बगलेत मारलं, उठायला गेले आणि "मेलो" म्हणून खाली बसले. पोटरीत गोळा आला होता. अर्धा तास चोळलं तरी पाय सरळ होईना. ऊन डोक्यावर आलं. पंचांना हाका मारल्या, पंचांनी खालून हात हलवले.

शेवटी मी कॅनमधलं पाणी त्यांना पाजलं, उरलेलं एका बोरीच्या बुडाशी ओतलं, आणि सर्कलसाहेबांना पाठीवर घेतलं. पाऊणशे किलोंच्या वर असतील. वीसच्या जवळजवळ चौपट. वाट नाही, उतार सरळ, पायाखाली दगड सुटत होते, आणि मी त्यांना घेऊन उतरत होतो. मधे एकदाही थांबलो नाही. पंचनाम्याचं पॅड माझ्या मानेला टोचत होतं.

खालची घरं जवळ आली तसे सर्कलसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "सोनकांबळे, हळू चाला जरा. कागदावर तुम्हाला चालता येत न्हाई. कुणी बघंल."

"मग खाली उतरवू का साहेब?"

त्यांनी माझ्या गळ्याभोवतीची मिठी घट्ट केली. "नगं. लंगडत चाला."

गुरुवारी टँकर आला. पुण्याला मी प्रकृतीच्या कारणाने येऊ शकत नसल्याचं कळवलं होतं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, लवकर बरे व्हा, पुढील वर्षी अवश्य अर्ज करा. नियमांची त्यांना माहिती असावी, पण वाक्य छापील होतं.

टँकरवालाही सरकारी माणूस, म्हणून गुरुपादप्पांच्या हुकमाने माझ्या पायाला फडकं गुंडाळून मला ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं. रस्त्यावर नुसती झुंबड. पंचशीला ओळीत बरीच मागे होती. दोन महिने माझ्या फेऱ्यांवर घड्याळ लावणारी कॉलनी समोर पाणी भरत होती आणि मी हात बांधून बसलो होतो. मला कुणी विचारतही नव्हतं. फार अपमान वाटला. रडू येईल की काय असंही वाटलं.

तेवढ्यात पार्वतम्मा आल्या. कमरेवर त्यांच्या घरची, देवाजवळची पितळी घागर, काठोकाठ भरलेली. माझ्याकडे न बघता त्या ओटा चढल्या, सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि आमच्या माठात घागर ओतल्याचा आवाज आला. चार वर्षांत त्यांनी आमच्या माठाला हात लावला नव्हता. बाहेर येऊन त्यांनी पदराने हात पुसले आणि उंबऱ्यावर बसल्या.

माझ्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, "चहा घेता का?" आणि लगेच जीभ चावली, कारण पुढचं उत्तर मला पाठ होतं.

पार्वतम्मांनी रिकामी घागर जवळ ओढली.

"सकाळपासून घेतला न्हाई," त्या म्हणाल्या. "ठेवा. साखर जरा जास्ती."

मी खुर्चीतून उठलो. टँकरवाला आमच्याकडेच बघत होता, म्हणून दारापर्यंत लंगडत गेलो. दार ओलांडलं आणि स्टोव्हपर्यंत पळत सुटलो.